बाप्टिस्ट मंडळींच्या ठरावांतील पाठभेद
(अमेरिकेंतील धर्म व राजकारण यांच्या संयोगाचा कागदोपत्रीं विचार)

अमेरिकेंतील सुवार्तावादी, म्हणजे इव्हँजेलिकल, ख्रिस्तमंडळ्या आणि तेथील पुराणमतवादी राजकारण यांचा आज जो निकट संबंध दिसतो, तो त्या पंथाच्या मूळ स्वभावांतूनच उद्भवला आहे असा सार्वत्रिक समज आहे. पंथाचे अनुयायी तसें मानतात आणि त्यांचे विरोधकही तसेंच मानतात. ज्या गोष्टीविषयीं वादी व प्रतिवादी यांचें एकमत असतें, ती संशोधकानें अधिक कसोशीनें तपासावी हें बरें. कारण तिचा पुरावा मागण्याची गरज दोघांसही वाटत नाहीं. प्रस्तुत लेखांत हा समज त्या पंथाच्याच लेखी साधनांवर घासून पाहावयाचा आहे.

विषय फार विस्तृत असल्यामुळें तो एका शाखेपुरता मर्यादित केला आहे. ती शाखा म्हणजे अमेरिकेंतील सर्वांत मोठी प्रॉटेस्टंट संघटना, सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन. ही शाखा निवडण्याचें कारण असें कीं, तिची वार्षिक सभा दरसाल भरते, तींत ठराव होतात, व त्या ठरावांसह सभेचा वृत्तांत छापून ठेवण्याची तिची परंपरा आहे. एकाच विषयावरील निरनिराळ्या सालचे ठराव शेजारीं शेजारीं ठेवले म्हणजे, एका ग्रंथाच्या अनेक पोथ्या ताडून पाहतांना जसे पाठभेद, लोप व प्रक्षेप डोळ्यांत भरतात, तसेच ते येथेंही भरतात.

१. पंथाचें मूळ तत्त्व

बाप्टिस्ट हें नांव मराठी वाचकांस नवें नाहीं. श्रीरामपूर येथून इ. स. १८०५ मध्यें मराठीचें व्याकरण व १८१० मध्यें मोडी ठशांत छापलेला मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध करणारे विल्यम कॅरी हे इंग्लंडांतील बाप्टिस्ट पंथाचे होते. या पंथाचें मुख्य मत असें कीं, बाप्तिस्मा तान्ह्या बालकास देऊं नये. ज्यास स्वतःच्या बुद्धीनें विश्वास प्रकट करतां येतो त्यासच तो द्यावा. वरवर पाहतां हा केवळ संस्कारविधीचा वाद वाटतो. पण त्याचा परिणाम राज्यव्यवस्थेपर्यंत पोहोंचतो. ज्या देशांत जन्मलेलें प्रत्येक मूल बाप्तिस्म्यानें ख्रिस्तमंडळीचें सभासद होतें, त्या देशांत प्रजा व मंडळी हीं एकाच समाजाचीं दोन नांवें होऊन बसतात. मग राजानें मंडळीसाठीं कर घ्यावा आणि मंडळीनें राजासाठीं आशीर्वाद द्यावा हें ओघानेंच येतें. बालबाप्तिस्मा नाकारला कीं हा सांधा निखळतो. विश्वास ही ज्याची त्यानें पत्करण्याची गोष्ट ठरली म्हणजे तींत राजसत्तेला हात घालण्यास जागा उरत नाहीं. यास्तव धर्मसंस्था व राज्यसंस्था पृथक् असाव्या हें मत या पंथाला बाहेरून चिकटलेलें नसून त्याच्या बाप्तिस्म्याच्या सिद्धान्तांतच तें अनुस्यूत आहे.

२. डॅनबरी येथील मंडळ्यांचा पत्रव्यवहार

या मताचा सर्वांत प्रसिद्ध लेखी पुरावा इ. स. १८०१-०२ चा आहे. कनेक्टिकट संस्थानांत त्या वेळीं काँग्रिगेशनल पंथ राजमान्य असून त्याच्या पाळकांसाठीं कर घेतला जात असे. इतर पंथीयांस त्या करांतून सुटका हवी असल्यास दाखला सादर करावा लागे. जो हक्क जन्मसिद्ध म्हणून हवा तो मेहेरबानी म्हणून मिळतो, ही तेथील बाप्टिस्ट मंडळींची तक्रार होती. डॅनबरी येथील त्यांच्या संघानें ७ ऑक्टोबर १८०१ रोजीं अध्यक्ष टॉमस जेफर्सन यांस पत्र लिहिलें, व जेफर्सन यांनीं १ जानेवारी १८०२ रोजीं उत्तर दिलें. धर्मसंस्था व राज्यसंस्था यांच्यामधील भिंतीचा जो दृष्टांत पुढें न्यायालयांच्या निकालांतून वारंवार आला, तो या उत्तरांतील होय.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस या पत्राचा कच्चा खर्डा पाठविलेल्या प्रतीपेक्षां अधिक बोलका वाटेल. तो वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथालयांत आहे. त्यांत कांहीं ओळी शाईनें गडद खोडल्या होत्या. १९९८ सालीं त्या देशाच्या केंद्रीय गुन्हे-अन्वेषण खात्याच्या प्रयोगशाळेंत त्या वाचून काढण्यांत आल्या. त्यावरून दिसतें कीं, भिंतीला आधीं ‘शाश्वत’ अशा अर्थाचें विशेषण होतें, तें मागाहून गेलें. आणि आपण उपवासाचे व ईशस्तवनाचे सरकारी दिवस कां जाहीर करीत नाहीं, याविषयींचा मजकूरही गळला. गाळण्याचें कारण जेफर्सन यांनीं समासांत स्वतःच नोंदविलें आहे. तें असें कीं, पूर्वेकडील संस्थानांत गव्हर्नरांनीं असे दिवस जाहीर करण्याची चाल असल्यामुळें तेथील स्वपक्षीय मित्रांस हा मजकूर रुचणार नाहीं, अशी सूचना त्यांस मिळाली होती. म्हणजे ज्या पत्रास पुढें तत्त्वाचें प्रमाणपत्र म्हणून मान मिळाला, त्याच्या शब्दयोजनेंतही पक्षाची सोय पाहिलेली होती.

त्याच दिवशीं, १ जानेवारी १८०२ रोजीं, मॅसॅच्युसेट्समधील चेशायर गांवचे बाप्टिस्ट उपदेशक जॉन लीलंड यांनीं आपल्या गांवकऱ्यांनीं तयार केलेला १२३५ रत्तल वजनाचा चीजचा गड्डा अध्यक्षांस नजर केला. दोनच दिवसांनीं लीलंड यांनीं काँग्रेसच्या सभागृहांत उपदेश केला व त्यास जेफर्सन स्वतः उपस्थित होते. तेव्हां आरंभींचे बाप्टिस्ट राजकारणापासून अलिप्त होते असें म्हणतां येत नाहीं. या मुद्द्याकडे पुढें पुन्हा यावयाचें आहे.

३. मुंबईच्या मिशनाशीं असलेला धागा

या इतिहासाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. बोस्टन येथील अमेरिकन बोर्डानें १८१२ सालीं हिंदुस्थानाकडे पाठविलेल्या पहिल्या तुकडींत गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट, अडोनिराम जडसन, ल्यूथर राइस व सॅम्युएल न्यूएल हे पांच काँग्रिगेशनल पंथाचे उपदेशक होते. पैकीं हॉल व नॉट हे फेब्रुवारी १८१३ मध्यें मुंबईस पोहोंचले व त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशनाचा आरंभ झाला. जडसन व राइस यांनीं मात्र १८१२ सालींच कलकत्त्यास बाप्टिस्ट मत स्वीकारलें. जडसन ब्रह्मदेशांत गेले. राइस स्वदेशीं परतले व त्यांच्या खटपटीनें १८१४ सालीं फिलाडेल्फिया येथें बाप्टिस्टांची पहिली राष्ट्रव्यापी संघटना स्थापन झाली. एकाच गलबतांतून आलेल्या हॉल, नॉट व राइस या तिघांपैकीं दोघांनीं मुंबईच्या मिशनाचा पाया घातला व तिसऱ्यानें अमेरिकेंतील बाप्टिस्ट संघटनेचा.

ही संघटना १८४५ सालीं दुभंगली. गुलाम बाळगणाऱ्यास मिशनरी नेमण्यास तिच्या मंडळांनीं नकार दिला, म्हणून दक्षिणेकडील मंडळ्यांनीं जॉर्जिया संस्थानांतील ऑगस्टा येथें निराळें सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन स्थापिलें. या उत्पत्तीबद्दल त्या कन्व्हेन्शननें १९९५ सालीं ठराव करून क्षमा मागितली. राजसत्तेपासून स्वतंत्र राहूं इच्छिणारी मंडळी समाजाच्या प्रस्थापित व्यवस्थेपासूनही स्वतंत्र राहतेच असें नाहीं, हें या फुटीवरून ध्यानांत येतें.

४. ठरावांचे पाठभेद

आतां विसाव्या शतकांतील ठरावांकडे वळूं. पहिला विषय शाळेंतील प्रार्थनेचा. सरकारी शाळांत सरकारनें नेमून दिलेली प्रार्थना म्हणवून घेणें घटनाबाह्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९६२ सालीं दिला. पुढील सालीं शाळेच्या वतीनें होणाऱ्या बायबलवाचनासही तोच न्याय लावला. त्यावर घटनेंत दुरुस्ती करावी अशी चळवळ उठली. १९६४ सालच्या ठरावांत कन्व्हेन्शननें धर्मस्वातंत्र्याचें कलम आहे तसेंच राहूं द्यावें, असें काँग्रेसला विनविलें. १९८२ सालच्या ठरावांत मात्र अध्यक्ष रेगन यांनीं सुचविलेल्या प्रार्थनाविषयक घटनादुरुस्तीस पाठिंबा दिला. दोन ठरावांमध्यें अठरा वर्षांचें अंतर आहे, व अर्थ परस्परविरुद्ध आहेत.

दुसरा विषय गर्भपाताचा. जून १९७१ मध्यें सेंट लुइस येथें भरलेल्या सभेनें असा ठराव केला कीं, बलात्कार, निषिद्ध संबंध, गर्भाची गंभीर विकृति, अथवा मातेच्या शारीरिक, मानसिक वा भावनिक आरोग्यास धोका, अशा प्रसंगीं गर्भपातास मोकळीक देणाऱ्या कायद्यासाठीं सभासदांनीं झटावें. सर्वोच्च न्यायालयाचा गर्भपातविषयक प्रसिद्ध निर्णय जानेवारी १९७३ चा. त्यानंतरही, १९७४ सालीं, कन्व्हेन्शननें १९७१ च्याच भूमिकेचा पुनरुच्चार केला. १९७६ चा ठराव दोहोंच्या मधला आहे. १९८० सालीं पुन्हा सेंट लुइस येथेंच सभा भरली, व मातेचा प्राण वांचविण्याचा प्रसंग वगळून गर्भपातास बंदी करणारा कायदा किंवा घटनादुरुस्ती व्हावी असा ठराव झाला. १९७३ चा निर्णय ऐकतांच सुवार्तावादी मंडळ्या खडबडून जाग्या झाल्या व त्यांनीं राजकारणांत उडी घेतली, ही जी कथा आज सर्वत्र सांगितली जाते, ती निदान या संघटनेच्या कागदांशीं जुळत नाहीं. निर्णय आणि बदललेला पाठ यांच्यामध्यें सात वर्षें आहेत.

तिसरा विषय खुद्द पंथाच्या श्रद्धापत्राचा. त्याचे १९२५, १९६३ व २००० सालचे तीन मुख्य पाठ आहेत. १९६३ च्या पाठांत पवित्रशास्त्राचा अर्थ लावण्याची कसोटी येशू ख्रिस्त होय, अशा अर्थाचें वाक्य होतें. २००० च्या पाठांतून तें गेलें व सर्व शास्त्र ख्रिस्ताची साक्ष देतें, असें निराळें वाक्य त्या जागीं आलें. पतीच्या नेतृत्वापुढें पत्नीनें नम्र असावें हें कलम १९९८ सालीं जोडलें गेलें, आणि पाळकाचें पद पुरुषांपुरतें असावें हें २००० सालीं. याउलट, धर्मसंस्था व राज्यसंस्था पृथक् असाव्या हें कलम तिन्ही पाठांत कायम आहे. प्राचीन ग्रंथांतही असें घडतें: मूळ वचन तसेंच राहतें, पण त्याच्या भोंवतीं जमणारें भाष्य बदलत गेल्यामुळें त्याचा विनियोग निराळा होतो.

५. बदलाचीं कारणें

हा पालट कां झाला याविषयीं अमेरिकन इतिहासकारांत दोन पक्ष आहेत. रँडल बाल्मर यांच्या मतें मूळ ठिणगी गर्भपाताची नसून खासगी शाळांच्या करमाफीची होती. सरकारी शाळांतील वर्णभेद मोडूं लागल्यावर दक्षिणेंत गोऱ्या मुलांसाठीं अनेक खासगी शाळा निघाल्या. त्यांपैकीं पुष्कळ ख्रिस्ती मंडळ्यांच्या होत्या. वर्णभेद पाळणाऱ्या शाळेस धर्मादाय म्हणून करमाफी मिळूं शकत नाहीं, असा निर्णय १९७१ सालीं झाला. दक्षिण कॅरोलायनांतील बॉब जोन्स विद्यापीठाची करमाफी १९७६ सालीं रद्द झाली. १९७८ सालीं करखात्यानें खासगी शाळांसाठीं अधिक कडक नियम सुचवितांच एक लाखाहून अधिक विरोधपत्रें त्या खात्याकडे गेलीं. बॉब जोन्स प्रकरणाचा शेवट १९८३ सालीं झाला. सर्वोच्च न्यायालयानें आठ विरुद्ध एक अशा बहुमतानें विद्यापीठाविरुद्ध निकाल दिला.

दुसरा पक्ष डॅनियल विल्यम्स यांचा. त्यांच्या मतें हा संयोग १९७० नंतरचा नसून कित्येक दशकें आधींपासून घडत होता: साम्यवादाची भीति, १९४२ सालीं स्थापन झालेली सुवार्तावाद्यांची राष्ट्रीय संघटना, उपदेशक बिली ग्रॅहॅम यांचा आयझेनहॉवर व निक्सन यांच्याशीं असलेला स्नेह, हे सर्व त्याचे टप्पे होत. आमच्या मतें या दोन पक्षांत खरा विरोध नाहीं. एक पक्ष सरपण कधींपासून रचलें जात होतें तें सांगतो, आणि दुसरा तें कोणत्या दिवशीं पेटलें तें सांगतो.

व्हर्जिनियांतील लिंचबर्गचे स्वतंत्र बाप्टिस्ट उपदेशक जेरी फॉलवेल यांचें चरित्र याच संक्रमणाचा नमुना आहे. नागरिक-हक्कांसाठीं रस्त्यावर येणाऱ्या पाळकांवर टीका करतांना मार्च १९६५ मधील एका प्रवचनांत त्यांनीं सांगितलें कीं, पाळकाचें काम आत्मे जिंकण्याचें आहे, राजकारण करण्याचें नव्हे. त्यांनींच १९७९ सालीं ‘मॉरल मेजॉरिटी’ ही राजकीय संस्था स्थापन केली.

त्याच १९७९ सालीं ह्यूस्टन येथील सभेंत मेम्फिसचे पाळक एड्रियन रॉजर्स सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शनचे अध्यक्ष निवडून आले. या निवडणुकीचें महत्त्व कळण्यास संघटनेची घडण समजून घेतली पाहिजे. अध्यक्ष एक समिति नेमतो. ती समिति नामनिर्देशन करणाऱ्या दुसऱ्या समितीचीं नांवें सुचविते. आणि ती दुसरी समिति पाठशाळा, मिशनें व छापखाना यांच्या विश्वस्तांचीं नांवें सुचविते. विश्वस्तांची मुदत अनेक वर्षांची असल्यामुळें एका निवडणुकीनें विशेष कांहीं होत नाहीं. पण सुमारें दहा वर्षें एकाच पक्षाचे अध्यक्ष होत राहिले तर सर्व संस्था त्या पक्षाच्या हातीं येतात. ह्यूस्टनचे न्यायाधीश पॉल प्रेस्लर व धर्मशास्त्राचे अध्यापक पेज पॅटरसन यांनीं हें गणित ओळखलें होतें. शास्त्र निर्दोष आहे कीं नाहीं हा त्यांचा उघड वाद होता; पण संस्था हातीं आल्यावर राजकीय विषयांवरील ठरावांची दिशाही बदलली. वॉशिंग्टन येथें बाप्टिस्टांच्या वतीनें धर्म-राज्य-पृथक्त्वाचा पुरस्कार करणाऱ्या संयुक्त समितीचें अनुदान कन्व्हेन्शननें १९९१ सालीं पूर्णपणें बंद केलें.

राष्ट्रीय राजकारणांतील विरोधाभासही नोंदण्यासारखा आहे. १९७६ सालीं अध्यक्ष झालेले जिमी कार्टर स्वतः सदर्न बाप्टिस्ट होते व रविवारच्या शाळेंत शिकवीत. तरीही १९८० सालीं ‘मॉरल मेजॉरिटी’च्या चालकांनीं पाठ फिरवून रेगन यांची बाजू घेतली. त्या सालच्या ऑगस्टांत डॅलस येथें जमलेल्या पाळकांस रेगन म्हणाले कीं, तुम्हांस मला पाठिंबा देतां येत नाहीं हें मी जाणतों, पण माझा तुम्हांस पाठिंबा आहे. या वाक्यांतील पूर्वार्धास कारण १९५४ चा कायदा; करमाफी घेणाऱ्या धर्मादाय संस्थेनें निवडणुकींत उमेदवाराचा पुरस्कार करूं नये असें त्यांत आहे. कार्टर यांनीं २००० सालीं कन्व्हेन्शनशीं असलेला आपला संबंध जाहीरपणें तोडला.

६. पूर्वपक्ष व समाधान

येथें दोन आक्षेप संभवतात. पहिला असा कीं, जो पंथ शास्त्रास प्रमाण मानतो तो पुराणमतवादीच व्हावयाचा, मग ठरावांचा काथ्याकूट कशास? याचें उत्तर कृष्णवर्णीय बाप्टिस्टांच्या इतिहासांत आहे. १८९५ सालीं स्थापन झालेलें नॅशनल बाप्टिस्ट कन्व्हेन्शन, १९६१ सालीं त्यांतून निघालेलें प्रोग्रेसिव्ह नॅशनल बाप्टिस्ट कन्व्हेन्शन, व त्या दुसऱ्या शाखेशीं संबद्ध असलेले मार्टिन ल्यूथर किंग, या सर्वांचें शास्त्र तेंच, बाप्तिस्मा तोच, आणि राजकारण मात्र निराळें. हेतु असून साध्य नसलें म्हणजे न्यायशास्त्रांत त्यास व्यभिचार म्हणतात. येथें तो उघड आहे. सुवार्तावादी श्रद्धा व पुराणमतवादी राजकारण यांचा संबंध ऐतिहासिक आहे, तार्किक नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. लीलंड यांनीं तरी काय केलें? त्यांनींही एका पक्षाच्या पुढाऱ्यास वाजतगाजत भेट नेली. किंग यांनींही व्यासपीठावरून कायदे मागितले. मग फॉलवेल यांसच दोष कां? हा आक्षेप खरा आहे, व त्यावरून असें ठरतें कीं, ‘धर्म राजकारणांत असावा कीं नसावा’ हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. पाळक राजकारणांत नेहमींच होते. विचारावयाचें तें असें कीं, त्यांनीं राज्यापाशीं काय मागितलें? लीलंड यांनीं मागितलें कीं, राज्यानें आपला हात मंडळीवरून काढावा. किंग यांनीं मागितलें कीं, जो हक्क एकास आहे तो सर्वांस मिळावा. १९८२ चा ठराव मागतो कीं, राज्यानें प्रार्थनेस पुन्हा दार उघडून द्यावें. पहिल्या दोन मागण्यांचा लाभ मागणाऱ्याच्या पंथाबाहेरील मनुष्यासही मिळतो. तिसरीचा लाभ ज्याचें बहुमत त्यास मिळतो. १८०१ सालीं कनेक्टिकटमध्यें बाप्टिस्ट अल्पसंख्य होते, व १९८२ सालीं दक्षिणेंत ते बहुसंख्य होते. भिंतीची किंमत तिच्या कोणत्या बाजूस आपण उभे आहों यावर ठरूं लागली, हाच या सर्व पाठभेदांचा इत्यर्थ होय.

७. उपसंहार

या संयोगाचें फळ काय? राजकीय फळ मोठें आहे. २०१६ सालच्या मतदानोत्तर पाहणींत गोऱ्या सुवार्तावादी मतदारांपैकीं शेंकडा ८१ जणांनीं रिपब्लिकन उमेदवारास मत दिल्याचें आढळलें. १९७३ चा गर्भपातविषयक निर्णय २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंच रद्द ठरविला. जुलै २०२५ मध्यें करखात्यानें टेक्सासमधील एका न्यायालयापुढें असें निवेदन केलें कीं, पाळकानें उपासनेच्या प्रसंगीं आपल्या मंडळीस उमेदवाराविषयीं सांगितलें तर त्यास १९५४ च्या कायद्याची बंदी लागूं समजूं नये. पण ज्या मंडळीचें मत निवडणुकीआधींच ठरलेलें असतें, तिची मनधरणी करण्याचें कारण तिच्या मित्रपक्षास उरत नाहीं, व तिचा उपदेश ऐकण्याचें कारण प्रतिपक्षास उरत नाहीं. राजद्वारीं स्वतंत्रपणें बोलण्याची जी शक्ति डॅनबरीच्या लहानशा संघापाशीं होती, ती संख्येनें शतपट वाढलेल्या संघटनेपाशीं उरली कीं नाहीं, याचा विचार तिच्याच सभासदांनीं करावयाचा आहे.

एका गोष्टीबद्दल मात्र या कन्व्हेन्शनचें श्रेय मान्य केलें पाहिजे. २००३ सालीं त्यानें ठराव करून १९७१ व १९७४ च्या आपल्याच ठरावांबद्दल खेद व्यक्त केला व ती भूमिका टाकून दिली. परंतु ते जुने ठराव आपल्या दप्तरांतून काढून टाकले नाहींत. ते आजही ज्यास पाहिजेत त्यास वाचावयास मिळतात. आपलें पूर्वमत चुकीचें ठरवूनही त्याचा कागद जपून ठेवणें ही सचोटी आहे, आणि तिच्यामुळेंच प्रस्तुत विवेचन शक्य झालें.

आपल्याकडेही धार्मिक संस्थांचे, जातिपरिषदांचे व संप्रदायांचे छापील ठराव रद्दीच्या भावानें विकले जातात, आणि पन्नास वर्षांनीं तीच संस्था आपलें आजचें मत सनातन म्हणून सांगते. संग्राहक बंधूंनीं ताम्रपट व सनदा यांजबरोबर असे वार्षिक वृत्तांतही जमवावे. एखाद्याच सालचा नव्हे, तर ओळीनें सर्व सालांचे. एकटा ठराव एवढेंच सांगतो कीं, त्या सालीं त्या संस्थेचें मत काय होतें. तें मत केव्हां व कोणत्या प्रसंगीं बदललें, हें सर्व सालें हाताशीं असल्याखेरीज कळत नाहीं.